आधी धातू कोणता, ते छापा

भोक पडलेला पेयाचा डबा, खाली छोटा टॉर्च. कांडी टेकवली की रस पसरतो, भोक बुजतं. पुढच्या दृश्यात मोटरसायकलचं फुटकं इंजिन कव्हर, मग कुकर, मग अलॉय व्हील. सगळं घरबसल्या, म्हणे वेल्डिंगपेक्षा मजबूत! ॲल्युमिनियम जोडायच्या कांड्या विकणाऱ्यांची ही जाहिरात धडधडीत लबाडी आहे.

कांडी खोटी नाही. मीही ती वापरतो. नेहमीच्या कांडीत मुख्यतः जस्त आणि थोडं ॲल्युमिनियम असतं; साधारण ३८० ते ४०० अंश सेल्सिअसला ती पातळ होते. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. या फरकामुळेच मूळ भाग शाबूत राहून जोड बसतो. पण ॲल्युमिनियमला हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि तो वितळायला दोन हजार अंशांहून जास्त उष्णता लागते. तो काढल्याशिवाय रस धातूला धरत नाही, वर नुसते मणी होतात. म्हणून आधी तेल-ग्रीस पूर्ण काढायचं, स्टेनलेसच्या तारेच्या ब्रशने घासायचं आणि रस पातळ झाल्यावर त्याच्याखालूनही धातू खरवडायचा. पोटात फ्लक्स असलेली कांडी हे काम सोपं करते, पण त्या फ्लक्सच्या धुरात फ्लोराइड असतं. बंद स्वयंपाकघरात तो घेऊ नये. ज्योत कांडीवर नाही, भागावर धरायची. डब्याचा पत्रा क्षणात तापतो, म्हणून तर जाहिरातीत डबा असतो. जाड कव्हरमध्ये छोट्या टॉर्चची आच सगळीकडे पसरते आणि सांधा थंडच राहतो. शिवाय ॲल्युमिनियम लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही. वितळायला आलं तरी रंग तोच.

यातलं एक अक्षरही जाहिरातीत नसतं.

अलॉय व्हील, ब्रेकचा लिव्हर, सायकलची फ्रेम यांचा धातू बहुतेक वेळा ठरावीक उष्णता देऊन कणखर केलेला असतो. त्याला ४०० अंशांचा चटका दिला की सांध्याच्या आजूबाजूचा भाग मऊ पडतो. सांधा टिकेलही, शेजारचा धातू दगा देईल. वर बसलेला माणूस तेव्हा रस्त्यावर असेल.

कुकरचं मला सर्वांत भय वाटतं. आमच्या शेजारच्या काकूंच्या कुकरला कानाजवळ चीर गेली होती. दुकानदाराने कांडी हातात ठेवत सांगितलं, "काकू, बिनधास्त लावा. नाही टिकलं तर घेऊन या." वाफेने भरलेला कुकर फुटल्यावर काकूंनी काय घेऊन जायचं? मी तो कुकर भंगारात घालायला लावला. शिवाय आमसूल, चिंच, टोमॅटो यांच्या आंबटात जस्त विरघळतं. फुटलं नाही तरी ते आमटीत उतरणार. आणि कांडीत फक्त जस्तच आहे, हे कशावरून? ॲल्युमिनियमच्या काही झाळधातूंत कॅडमियम असतं, त्याचा धूर जिवावर बेततो. पाकिटावर त्याचा उल्लेख नाही. वितळण्याचं तापमान नाही, बनवणाऱ्याचा पत्ताही नाही.

आपल्याकडे घरगुती कुकरला आयएसआय मार्क सक्तीचा आहे, त्यासाठी आयएस २३४७ हे मानक आहे. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने या मानकात न बसणारे कुकर विकू दिल्याबद्दल मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांना दंड केला होता. तोच कुकर बुजवायची निनावी कांडी मात्र राजरोस विकली जाते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाखांपर्यंत दंड आहे. तो इथे का लावत नाहीत?

कांडी जरूर वापरा: जाळीच्या फ्रेमला, खिडकीच्या पट्टीला, मिक्सरच्या बाहेरच्या खोक्याला. दाब, भार किंवा चाक असलेली वस्तू आर्गन वेल्डिंग करणाऱ्या कारागिराला दाखवा. तो नाही म्हणाला तर नवी घ्या. कुकर तर नवाच घ्या. आणि धातूचं नाव, तापमान, पत्ता नसलेलं पाकीट कुणी कुकरसाठी म्हणून पुढे केलं, तर त्याचा फोटो काढा, बिल मागा आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.