मोबाइल कंपन्या एक झाल्या, पण तंत्रज्ञान वेगळं असेल तर तुमच्या फोनचं काय?

कंपन्यांचं विलीनीकरण झालं तरी सिम चालूच राहतं, असा आपला अनुभव आहे. ३१ ऑगस्ट २०१८ ला व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या, तेव्हा त्यासाठी कुणाला नवा फोन घ्यावा लागला नाही. दोन्ही कंपन्यांचं जाळं जीएसएमचं होतं. पण तंत्रज्ञानच वेगळं असेल तर?

वाशिम जिल्ह्यातल्या मेडशीच्या लोकांना हे रेल्वेच्या उदाहरणातून लगेच कळेल. मेडशी अकोला-वाशिम रस्त्यावर आहे. याच दोन शहरांमधली रेल्वे अनेक वर्षं मीटरगेज होती, तर मुंबई-नागपूर मार्ग ब्रॉडगेज. दोन्ही मार्ग भारतीय रेल्वेचेच. तरी मुंबईहून वाशिमला जाणाऱ्याला अकोल्यात गाडी बदलावी लागे. मालक एक असला म्हणून रूळ जुळत नाहीत.

जीएसएम आणि सीडीएमएमध्ये फरक काय?

जीएसएममध्ये एका चॅनलवर वेळेचे तुकडे पाडून प्रत्येक कॉलला आपापली पाळी मिळते. सीडीएमएमध्ये अनेक कॉल एकाच वेळी जातात, पण प्रत्येकाला वेगळा कोड असतो. त्यामुळे एका पद्धतीसाठी बनवलेला फोन दुसऱ्या पद्धतीच्या टॉवरवर चालत नाही.

२००३ मध्ये रिलायन्सने सुरुवातीला ५०१ रुपये भरून फोन देणारी योजना आणली, ते फोन सीडीएमएचे होते. टाटा इंडिकॉमही सीडीएमएच. त्यातल्या बऱ्याच फोनमध्ये सिम टाकायची सोयच नव्हती, नंबर थेट हँडसेटमध्ये भरलेला असायचा.

टाटा-एअरटेल व्यवहारात काय झालं?

ऑक्टोबर २०१७ मध्ये टाटांनी आपला मोबाइल व्यवसाय एअरटेलला देण्याचं जाहीर केलं. त्यात टाटा टेलिसर्व्हिसेस (महाराष्ट्र) ही कंपनीही होती. १ जुलै २०१९ ला व्यवहार पूर्ण झाला. एअरटेलला टाटांचं सीडीएमए जाळं चालवायचं नव्हतं. ग्राहक हवे होते आणि १७८.५ मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रम हवा होता. स्पेक्ट्रम ४जीसाठी वापरता येतो. जुना सीडीएमए फोन मात्र एअरटेलवर चालणं शक्यच नव्हतं.

दोन्ही जाळी चालू ठेवली तर?

अमेरिकेत स्प्रिंटने तेच केलं. ऑगस्ट २००५ मध्ये सीडीएमएवाली स्प्रिंट आणि 'आयडेन' तंत्रज्ञानावरची नेक्स्टेल एक झाल्या. दोन जाळी, दोन प्रकारचे फोन, दुप्पट देखभाल. ग्राहक सोडून जाऊ लागले आणि २००८ मध्ये कंपनीला सुमारे ३० अब्ज डॉलरचं मूल्य हिशेबातून वजा करावं लागलं. नेक्स्टेलचं जाळं शेवटी ३० जून २०१३ ला बंद झालं.

आज याचा संबंध काय?

सीडीएमएची जागा आता २जीने घेतली आहे. जिओकडे २जी जाळंच नाही, त्यामुळे साध्या २जी फोनवर जिओचं सिम चालत नाही. देश २जीमुक्त व्हावा, असं मुकेश अंबानी २०२० मध्येच म्हणाले होते. एअरटेल आणि व्हीआय अजून २जी चालवतात. उद्या विलीनीकरणामुळे किंवा खर्च वाचवण्यासाठी ते बंद झालं, तर नंबर राहील, पण बँकेचा ओटीपी ज्या बटनांच्या फोनवर येतो तो फोन मुका होईल.

कंपन्यांच्या व्यवहारात स्पेक्ट्रमची किंमत ठरते, टॉवरची ठरते. नव्या हँडसेटचा खर्च मात्र बहुतेक वेळा ग्राहकाच्याच खिशातून जातो. म्हणून घरातल्या आजी-आजोबांसाठी पुढचा फोन घेताना दुकानदाराला एवढंच विचारा: यावर ४जी कॉल लागतो का?