कमी खर्चात? कोणाच्या?

'कमी खर्चाची सोपी पद्धत' असे शब्द एखाद्या शोधनिबंधाच्या शीर्षकात दिसले की मी आधी एकच आकडा शोधते. एका खेपेला पावडर किती निघाली? बहुतेक वेळा तो सापडतच नाही. सापडलाच तर पाच ग्रॅम, फार तर दहा.

दिवाळीत तात्यांनी विचारलं होतं, "भाची तुझी लिंबूसत्वापासून मोबाइलचे भाग करते म्हणे?" तर मंडळी, आधी तात्यांसाठी थोडं. जाणकारांनी दोन परिच्छेद खुशाल सोडावेत :)

गाडीतल्या जीपीएस ट्रॅकरचं झाकण उघडलंत तर आत साधारण अडीच सेंटिमीटरचा एक चौकोनी सिरॅमिकचा तुकडा दिसेल, वर चांदीचा थर दिलेला. ती अँटेना. उपग्रहाचा सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो, हवेत त्याची तरंगलांबी १९ सेंटिमीटर. त्याच्या निम्मी अँटेना करायची तरी साडेनऊ सेंटिमीटर झाली. पण डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट २० असलेल्या सिरॅमिकमध्ये तीच लहर साडेचार पट आखूड होते आणि अँटेना दोन-अडीच सेंटिमीटरमध्ये मावते. म्हणजे आकडा जितका मोठा तितका तुकडा लहान. मग शंभराचा का नाही घेत? रुटाइल, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडचं सिरॅमिक, शंभराच्या आसपास आहेच. पण ते दर अंशाला दहा लाखात साडेचारशे इतकं सरकतं. पहाटेच्या थंडीतून दुपारच्या उन्हात ३५ अंशांचा फरक पडला की पंचवीसेक मेगाहर्ट्झ इकडेतिकडे. आणि सिग्नल आहे जेमतेम दोन मेगाहर्ट्झ रुंद! म्हणून मोठा आकडा, कमी ऊर्जानाश आणि उन्हाळ्या-हिवाळ्यात न हलणारी फ्रिक्वेन्सी असं तिन्ही एका पदार्थात लागतं. बेरियम-झिंक-टँटलम ऑक्साइडसारखी मंडळी त्यातूनच आली.

नेहमीची पद्धत म्हणजे ऑक्साइड आणि कार्बोनेट मोजायचे, बॉल मिलमध्ये दळायचे, भाजायचे, पुन्हा दळायचे, दाबून गोळी करायची आणि तेराशे ते पंधराशे अंशांना, कधी त्याहूनही वर, पक्की करायची. ओल्या पद्धतीत धातूंचे क्षार पाण्यात विरघळवतात, म्हणजे मिसळण अणूंच्या पातळीवरच होते. मॅगिओ पेचिनी यांचं १९६७चं अमेरिकन पेटंट आहे. सायट्रिक ॲसिड धातूंना धरून ठेवतं, एथिलीन ग्लायकॉल त्यांची जाळी विणतं, गरम करत गेलं की चिकट राळ होते, ती जाळली की बारीक पावडर उरते. लिंबूसत्व ते हेच, तात्या. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत के. सी. पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली याहून झटपट मार्ग छापला. ॲल्युमिनियम नायट्रेट आणि युरिया एकत्र करून ५०० अंशांच्या भट्टीत ठेवायचं, मिश्रण उकळतं, फुगतं, पेट घेतं आणि पाच मिनिटांत अल्युमिना तयार. मला आजही हा रसायनशास्त्रातला सर्वात देखणा प्रयोग वाटतो.

तर खर्च. युरिया स्वस्त, सायट्रिक ॲसिड स्वस्त, हे खरं. पण टँटलमचं ऑक्साइड महाग, आणि त्याचा विरघळणारा क्षार त्याहूनही महाग. टायटॅनियम क्लोराइडपासून सुरुवात केली तर अवक्षेप धूत बसावं लागतं. सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला की पाणी पांढुरकं होतंच आहे, पुन्हा धुवा. नायट्रेट जाळले की तपकिरी विषारी धूर, तो कुठे सोडायचा? एवढं करून हाती आलेली नॅनोपावडर वाळताना अशी गच्च ढेकळं धरते की तिचा बारीकपणा गेला वाया. शेवटची धुणी अल्कोहोलने केली तर हे जरा कमी होतं, म्हणजे आता अल्कोहोलही खर्चात धरा. शिवाय ती साच्यात नीट बसत नाही, बाइंडर जास्त पिते, भट्टीत जास्त आक्रसते आणि तडकते. पंधरा वर्षं सिरॅमिकच्या भट्ट्यांशेजारी काढल्यावर या तडकलेल्या गोळ्यांचा मला अगदी कंटाळा आलाय.

आणि माणूस? भाचीची सीनियर फेलोशिप महिन्याला ४२,००० रुपये. चोवीस कामाचे दिवस धरले तर दिवसाचे साडेसतराशे. पाच ग्रॅमच्या खेपेला तिचे तीन दिवस जातात. म्हणजे ग्रॅमला हजार रुपये तर नुसत्या तिच्या हातांचे झाले! ते कुठल्याच निबंधात दिसत नाहीत.

याचा अर्थ ओल्या पद्धती निकामी, असं मी म्हणत नाहीये. त्यांची खरी कमाई पुढे भट्टीत आहे. पावडर बारीक आणि एकजीव असली तर गोळी कमी तापमानाला पक्की होते. चांदी ९६१ अंशांना वितळते. त्याखाली भाजता आलं तर सिरॅमिकचे थर आणि चांदीचे मार्ग एकत्रच भाजता येतात, महागड्या पॅलेडियमची गरज उरत नाही. झिंक असलेल्या पदार्थांत तर पंधराशे अंशांना झिंकच उडून जातं. इथे शंभर-दोनशे अंश वाचले तर ती खरी बचत.

आणि मोठ्या प्रमाणावर जमतही नाही असं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातलं बॉक्साइट बेळगावच्या कारखान्यात जातं, तिथे कॉस्टिक सोड्यात विरघळवून अल्युमिना काढतात. ही कार्ल बायर यांची १८८८ सालची पद्धत, ओलीच की! त्यांना तो सुती कापड रंगवण्यासाठी हवा होता. कपॅसिटरसाठी लागणारं बेरियम टायटॅनेट जपानमध्ये पाण्यात, दाबाखाली करून विकतात. कुणीतरी पाच ग्रॅमपासून पाच टनांपर्यंतचा कंटाळवाणा रस्ता चाललं, म्हणून.

माझं म्हणणं असं की अशा प्रत्येक प्रबंधात एक किलोचं प्रकरण सक्तीचं करावं. किलोभर पावडर करून दाखवा, तीही तीनदा. तिन्ही खेपांच्या गोळ्यांचे आकडे शेजारी शेजारी छापा, किती पाणी गेलं, किती धूर झाला, किती दिवस लागले ते लिहा. आकडे वाईट आले तरी छापा, पुढच्याचे तीन महिने वाचतील.

भाचीला हे पटलंय, म्हणून तर ही पोस्ट. ती म्हणते, "मावशी, किलो केला तर पेपर कोण छापणार?" तिच्या गाइडनी हेच विचारलं. प्रश्न अगदी रास्त आहे. पुढची नोकरी किलोंवर मिळत नाही, निबंधांवर मिळते. चार वर्षं संपली आहेत, एक उरलंय. तरीही तिने दोन महिने मागून घेतलेत आणि सध्या ती भांडं शोधतेय. स्टीलचं चालणार नाही, आम्लात लोखंड उतरतं आणि ऊर्जानाशाचा आकडा बिघडतो. काचेचं वीस लिटरचं हवंय, त्याचं कोटेशन आलंय. ते तिच्या महिन्याच्या फेलोशिपहून जास्त आहे.