हात न उचलणारा नवरा

मंडळी, आज महापालिका नाही, पीकविमा नाही, जिल्हा परिषद पण नाही. आज मालिकेवर लिहितोय. हसू नका, शेवटपर्यंत वाचा. विषय आपल्या घरातलाच आहे.

स्टार प्रवाहवरची 'आई कुठे काय करते' डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली. मधल्या काळात कोरोना येऊन गेला, राज्यात सरकारं बदलली, पक्ष फुटले, अरुंधती मात्र चालूच होती. पंचवीस वर्षं संसार केलेली बाई, आणि नवऱ्याचं ऑफिसातल्या बाईशी प्रकरण. अनिरुद्धचं बिंग फुटलं तेव्हा दळणाच्या गिरणीत आणि भाजीच्या गाड्यावर दुसरा विषय नव्हता. "सोड म्हणावं त्याला." "असल्या माणसाचं तोंड कशाला बघायचं?" हे बोलणाऱ्यांत साठी ओलांडलेल्या, डोक्यावरचा पदर न ढळू देणाऱ्या बायाही होत्या. अरुंधतीने घटस्फोट घेतला, ते त्यांना पटलं. तिने पन्नाशीच्या उंबरठ्यावर आशुतोषशी दुसरं लग्न केलं, बऱ्याच जणींना तेही पटलं. २०२४ मध्ये लेखकांनी आशुतोषला मारून टाकलं तेव्हा तर लोक चिडले. "बिचारीला आता कुठं सुख लागलं होतं, तेही बघवलं नाही का यांना?"

म्हणजे आपला प्रेक्षक मागासलेला आहे, त्याला काही कळत नाही, असं मला कुणी सांगू नये. बाईवर अन्याय झालेला त्याला कळतो. घटस्फोट झाला म्हणून आभाळ कोसळत नाही हेही कळतं. पडद्यावर कळतं.

आता त्याच घरात, पंचमीला माहेरी आलेली लेक चौथ्या दिवशी म्हणते, "मला परत जायचं नाही." टीव्हीचा आवाज कमी होतो. आई बापाकडे बघते, बाप खाली बघतो. आणि पहिला प्रश्न येतो तो हा : "मारतो का?"

"नाही, मारत नाही."

संपलं. तिथंच खटला निकाली. "मग झालं काय एवढं? दारू नाही, हात उचलत नाही, पोटाला कमी नाही. थोडं जुळवून घे. तुझ्या मागच्या बहिणीचं व्हायचंय अजून." दोन दिवसांनी भाऊ मोटारसायकलवर तिला सासरी सोडून येतो.

माझं म्हणणं या एका प्रश्नाबद्दल आहे. "मारतो का?" हा प्रश्न आपल्याला कुणी शिकवला? पिढ्यानपिढ्या चालत आलाय हे खरं, पण गेली वीस-पंचवीस वर्षं मालिकांनी तो रोज रात्री पक्का केलाय. मालिकेतला छळ कसा असतो बघा. खाडकन थोबाडीत, मग तीन वेळा तीन बाजूंनी तोच चेहरा. दुधात काहीतरी कालवणारी जाऊ. जिन्यावर सांडलेलं तेल. डोळे मोठे करून कॅमेऱ्याकडे बघणारी सासू. खलनायक आला की आधी ढोल वाजतात. असा छळ ओळखायला अक्कल लागत नाही, आणि खऱ्या घरात तो असा ढोल वाजवत येतही नाही.

खऱ्या घरात काय असतं? फोन त्याच्याकडे असतो, नाहीतर रोज रात्री तपासला जातो. डेअरीचे पैसे त्याच्या खात्यावर, कापूस वेचायला मात्र ही. नोकरी करत असेल तर पगार हिचा आणि एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात. माहेरी जायचं तर तीन माणसांची परवानगी, आणि गेली तर दिवसातून सहा फोन. भाजीला मीठ कमी पडलं की आठ दिवस अबोला. चार माणसांत "हिला काय कळतंय" म्हणून हसायचं. कुणाशी बोललीस, का हसलीस, उशीर का झाला. हळूहळू तिलाच वाटायला लागतं की आपल्यालाच खरंच काही येत नाही. अंगावर एक ओरखडा नाही. शेजारी म्हणतात, गायीसारखा गरीब माणूस आहे.

आता थोडं लांब जाऊ, इंग्लंडला. तिथं बीबीसी रेडिओवर 'द आर्चर्स' नावाची मालिका १ जानेवारी १९५१ पासून देशभर ऐकवली जाते, अजून चालू आहे. काढली होती ती शेतकऱ्यांसाठी. महायुद्ध संपलेलं, अन्नधान्याची टंचाई, रेशन चालू. शेतकऱ्याला नवीन शेती भाषणातून नाही तर गोष्टीतून सांगावी, हा हेतू. म्हणजे आपल्या दूरदर्शनच्या 'आमची माती, आमची माणसं'ला कथेची जोड दिली तर जे होईल ते. गाई, दूध, पिकं, भाऊबंदकी, गावकी.

त्या मालिकेत हेलन नावाची शेतकऱ्याची लेक. स्वतः चीज बनवणारी, दुकान सांभाळणारी, कर्ती बाई. तिचं लग्न रॉबशी होतं. रॉब दिसायला, बोलायला चांगला, गावाचा लाडका. त्याने काय केलं? आधी कपड्यांवर बोलला. मग स्वयंपाकावर. मग काळजीच्या नावाखाली तिचं गाडी चालवणं बंद केलं, मग दुकानात जाणं. मैत्रीण तोडली, आईपासून लांब केलं, आणि तुझं डोकं ठिकाणावर नाही असं तिलाच पटवत राहिला. हे सगळं मालिकेने दोन-अडीच वर्षं, इंचाइंचाने ऐकवलं. ढोल नाही, थंडर नाही. ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना आधी रॉब बरा वाटला होता. कळलं तेव्हा अंगावर काटा आला. काही जण वैतागलेही, शेतीची मालिका कुठं नेऊन ठेवली म्हणून.

३ एप्रिल २०१६ च्या भागात हेलन लेकराला घेऊन घर सोडायला निघते, रॉब अडवतो आणि तिच्या हातून त्याच्यावर चाकूचे वार होतात. ती तुरुंगात जाते. सप्टेंबरमध्ये मालिकेतल्या कोर्टाने तिला निर्दोष सोडलं. सुरी हे उत्तर नव्हे, हे सांगायला नको. मला सांगायचंय ते श्रोत्यांबद्दल. एका श्रोत्याने हेलनच्या नावाने निधी सुरू केला. हेलन तर काल्पनिक! पण पैसे खरे जमले, एक लाख पौंडांच्या वर, आणि ते गेले छळातून सुटलेल्या खऱ्या बायकांना आसरा देणाऱ्या संस्थेकडे. मदतवाहिनीवर फोन वाढले, कारण घराघरात बायकांना पहिल्यांदा कळलं की अरे, हे तर माझ्याकडे चाललंय, याला नाव आहे. पुढे टीव्हीवरच्या 'कोरोनेशन स्ट्रीट'नेही हा विषय घेतला. तिथली यास्मीन तर दक्षिण आशियाई घरातली, नातवंडं असलेली बाई.

आता गंमत बघा. असा न मारता केलेला छळ हा गुन्हा आहे, असं सांगणारा कायदा इंग्लंडात डिसेंबर २०१५ मध्ये लागू झाला. आपल्याकडे? कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ पासून. त्यात हिंसा म्हणजे फक्त मारहाण नाही. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आणि आर्थिक, चारही प्रकार लिहून ठेवलेत. टोमणे, अपमान, कमाई काढून घेणं, खर्चाला पैसे न देणं, सगळं त्यात येतं. आपला कायदा दिवाणी स्वरूपाचा, त्यांचा फौजदारी, हा फरक आहे. पण आपण नऊ वर्षं पुढे होतो! आणि आपल्या मालिकांना त्याचा पत्ता नाही. बाईच्या बाजूने म्हणून गाजलेल्या मालिकांतही बाई सुटते ती कशाने? 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली राधिका मसाल्याची कंपनी काढते. अरुंधतीला गाण्याचा गळा आणि कॉलेजातला श्रीमंत मित्र मिळतो. बघायला छान वाटतं. पण मंठ्याच्या किंवा भोकरदनच्या एखाद्या खेड्यातल्या बाईकडे कंपनी नाही, आशुतोषही नाही. तिच्याकडे फार तर एक फोन आहे, तोही तपासला जातो. संरक्षण अधिकारी नावाचा सरकारी माणूस असतो, नवऱ्याच्या नावावरच्या घरातूनही तिला असं हाकलता येत नाही, वकील फुकट मिळतो, या तीन गोष्टी तिला कुणी सांगायच्या?

मला माहितीये, लगेच कुणीतरी म्हणणार, "मालिका करमणुकीला असते, शाळा नाही ती." बरोबर. पण आपल्या देशात मालिकांची सुरुवात कशी झाली? १९८४ मध्ये दूरदर्शनवर 'हम लोग' आली. त्यामागे होते वसंतराव साठे, आपल्या वर्ध्याचे खासदार, माहिती व नभोवाणी मंत्री राहिलेले. मेक्सिकोत मालिकांमधून लोकांना साक्षरता, कुटुंबनियोजन शिकवतात हे पाहून त्यांनी ती कल्पना इथं आणली. भाग संपला की अशोककुमार येऊन दोन शब्द बोलायचे. लोक लाखांनी पत्रं लिहायचे. करमणूक कमी नव्हती झाली.

आणि दोष सगळा वाहिन्यांचा नाही, आपलाही आहे. सोनी मराठीने २०२० मध्ये महात्मा फुले आणि सावित्रीबाईंवर मालिका आणली, वर्षभरही टिकली नाही, प्रेक्षक मिळाला नाही. टीआरपीचं मशीन आपल्याच बोटाने चालतं.

दुसरा आक्षेप पारावरचा. "मालिका बघून बायका बिघडल्या, संसार मोडायला लागले." माझ्या धंद्यात रोज जी बातमी हाताखालून जाते ती सांगतो. 'सासरच्या जाचाला कंटाळून विवाहितेची आत्महत्या.' चार ओळी, गाव, पोलीस ठाणे, मर्ग दाखल. विहीर किंवा गळफास. त्या पोरींचा संसार मोडला नव्हता, शेवटपर्यंत टिकवला होता. मे २०२५ मध्ये मुळशीतल्या राजकीय घराण्यातल्या सुनेच्या मृत्यूने राज्य हादरलं, आठ-पंधरा दिवस सगळे बोलले. गाडी, सोनं, शाही लग्न. पैसेवाल्या घरातही हेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या आकड्यांत महाराष्ट्रात लग्न झालेल्या दर चार बायकांत साधारण एकीने नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. आणि त्या आकड्यात फक्त शारीरिक आणि लैंगिक हिंसा धरलीय. अबोला, पैसे अडवणं, फोन तपासणं त्यात नाहीच. "मारत नाही ना?" म्हणून परत पाठवलेल्या लेकी त्या आकड्यातही बसत नाहीत.

खोट्या तक्रारी होत नाहीत असं मी म्हणत नाही. होतात, त्यासाठी कोर्ट आहे. पण खोट्याच्या भीतीने खऱ्या पोरीला घराबाहेरून माघारी पाठवायचं, हा न्याय झाला नाही.

म्हणून लिहिणाऱ्यांना विनंती. भाऊ, ताई, पुढच्या मालिकेत एकदा ढोल बंद ठेवून बघा. हात न उचलणारा नवरा दाखवा. त्या बाईला संरक्षण अधिकाऱ्याकडे जाताना दाखवा, रांगेत बसलेली, हातात कागद, पायात स्लीपर. आणि भाग संपल्यावर जाहिरातीआधी पाच सेकंद एक नंबर दाखवा.

तोपर्यंत ते नंबर मीच देतो. महिला हेल्पलाइन १८१. तातडीचं असेल तर ११२. मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरण १५१००, बाईला उत्पन्नाची अट नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर असतं, महिला व बालविकास कार्यालयात संरक्षण अधिकारी असतो. जीवच नकोसा वाटत असेल तर १४४१६ वर बोला, फोन फुकट आहे. आणि हे नंबर तिच्या फोनमध्ये सेव्ह करू नका. तो तपासला जातो. आईच्या, बहिणीच्या, मैत्रिणीच्या फोनमध्ये ठेवा.

राहिला तो प्रश्न. लेक माहेरी आली आणि गप्प गप्प असली तर "मारतो का?" विचारू नका. विचारा, तुझा फोन कुणाकडे असतो? तुझे पैसे कुणाच्या हातात? इकडं यायला कुणाकुणाला विचारावं लागलं? घरात तोंड उघडायची भीती वाटते का? आणि उत्तर ऐकून घेईपर्यंत भावाला मोटारसायकल काढायला सांगू नका.