आधी टॉवर, मग वॉचमन

मिग्रोनची गोष्ट लोणावळ्याजवळच्या औंढ्यात सांगायला घेतली तर निम्म्यावरच ऐकणारा म्हणेल, "थांबा, पुढचं मी सांगतो."

जेरुसलेमहून उत्तरेला जाणारा रूट 60 हा हमरस्ता रामल्लाच्या अलीकडे एका टेकडीला वळसा घालतो. त्या वळणावर मोबाइलला रेंज मिळत नाही, अशी तक्रार आसपासच्या इस्रायली वसाहतींतल्या लोकांनी केली. रात्री गाडीवर हल्ला झाला तर फोन कुठून करायचा? बिनतोड मुद्दा. टेकडीवर टॉवर उभा राहिला. टॉवर आला म्हणून वीज आली. यंत्र एकटे कसे ठेवायचे, म्हणून वॉचमन आला. वॉचमन एकटा कसा राहणार, म्हणून त्याचा संसार आला, आणि संसाराला शेजार हवा म्हणून चाकांवरची तयार घरे ट्रकवरून येऊन एकामागून एक टेकडीवर विसावली. ही 2002 च्या सुमाराची हकिकत. दहा वर्षांत तिथे पन्नासेक कुटुंबे, प्रार्थनास्थळ आणि मुलांची पाळणाघरे झाली. नाव मात्र पहिल्या दिवसापासून तयार होते. मिग्रोन हे बायबलात येणारे गाव. आपल्याकडे फार्महाऊसच्या स्कीमला 'व्हॅली' आणि 'हिल्स' लावतात तितक्याच सहजपणे तिकडे जुन्या करारातले नाव लावतात. नाव लागले की उपरा माणूस मूळचा वाटू लागतो.

टेकडी मोकळी होती, पण बेवारस नव्हती. बुर्का आणि दैर दिबवान या दोन पॅलेस्टिनी गावांतल्या शेतकऱ्यांच्या नावावर ती जॉर्डनच्या काळातच, म्हणजे 1967 च्या आधी, नोंदलेली होती. आपल्या भाषेत सांगायचे तर सातबारा साफ होता.

इथे एक खुलासा. जगातले बहुतेक देश व्याप्त प्रदेशातल्या सगळ्याच इस्रायली वसाहती बेकायदा मानतात, आणि हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 19 जुलै 2024 च्या सल्लामतात तेच म्हटले. मिग्रोनसारख्या चौक्या मात्र खुद्द इस्रायलच्या कायद्यानेही बेकायदा. मंत्रिमंडळाचा ठराव नाही, आराखडा नाही, परवाना नाही. तरीही त्यांच्यापर्यंत डांबरी रस्ता जातो, नळ जातो, सैनिकांचा पहारा बसतो. हे होते कसे, याचा शोध घ्यायला त्या सरकारनेच तालिया सासोन या वकीलबाईंना बसवले. बाईंनी सरकारी वकिलीत उमर घालवलेली. 2005 मध्ये त्यांनी अहवाल दिला, त्यात अशा 105 चौक्या मोजल्या, आणि बोट दाखवले ते सरकारच्याच खात्यांकडे. घरबांधणी खात्याने पैसे पुरवले, लष्कराने काणाडोळा केला, वीज-पाणी जोडणाऱ्यांनी कागद मागितलाच नाही. परवानगी कोणीच दिली नव्हती. सोयी मात्र सगळ्यांनी दिल्या होत्या.

जमीनमालक 2006 मध्ये 'पीस नाऊ' या इस्रायली संघटनेच्या मदतीने सर्वोच्च न्यायालयात गेले. मिग्रोनवाल्यांच्या बाजूने जमीन विकत घेतल्याचे कागद पुढे करण्यात आले. त्यातल्या एका खरेदीखताची हकिकत आमच्या मावळातल्या कुठल्याही जुन्या स्टॅम्पव्हेंडरला ओळखीची वाटेल. खतावर मालकाची सही 2004 सालची, कॅलिफोर्नियात केलेली, आणि मालक 1961 साली वारलेला. मेल्यावर त्रेचाळीस वर्षांनी माणसाने नोटरीपुढे येऊन सही केली! आमच्याकडचे मयत इतके प्रवास करत नाहीत, तालुक्याच्या दुय्यम निबंधकापर्यंत येऊनच दमतात.

न्यायालयाने ऑगस्ट 2011 मध्ये मार्च 2012 अखेरपर्यंत टेकडी रिकामी करा म्हणून हुकूम दिला. सरकारने मिग्रोनवाल्यांशीच समझोता करून 2015 पर्यंतची मुदत मागितली. न्यायाधीशांनी ती नाकारली, थोडी वाढीव मुदत दिली, आणि अखेर 2 सप्टेंबर 2012 ला घरे रिकामी झाली. कुटुंबे गेली ती जेमतेम दोन किलोमीटरवर, सरकारने तयार ठेवलेल्या नव्या जागेत. त्यानंतर मिग्रोनसारखी पाळी पुन्हा येऊ नये म्हणून तिथल्या संसदेने 2017 मध्ये नियमितीकरणाचा कायदाच केला: खासगी जमिनीवर घर उठले असेल तर घर राहील, मालकाला मोबदला मिळेल. सर्वोच्च न्यायालयाने तो 2020 च्या जूनमध्ये आठ विरुद्ध एक मतांनी रद्द केला. कायदा गेला, रीत गेली नाही. जून 2024 मध्ये सुरक्षाविषयक मंत्रिमंडळाने आणखी पाच चौक्या अधिकृत करायला मान्यता दिली.

आता औंढे. द्रुतगती मार्ग झाला आणि लोणावळ्याच्या भोवतालच्या इंद्रायणी भाताच्या खाचरांना मुंबई दोन तासांवर आली. इथे लष्कर नाही, पहारा नाही, आणि शेतकरी बहुतेक वेळा स्वतःच्याच हाताने सही करतो, हा फरक मोठा आहे आणि तो कोणी पुसू नये. व्याप्त प्रदेशातला शेतकरी ज्या सरकारकडे दाद मागतो ते सरकार निवडायला त्याला मत नाही. मावळातल्याला आहे, आणि त्या मताचे काय होते हा निराळ्या लेखाचा विषय. पण वस्ती उठण्याचा क्रम पाहा. आधी सिमेंटचे पोल आणि तार. मग 'खासगी मालमत्ता' असा बोर्ड. मग वॉचमनसाठी पत्र्याची खोली. खोलीला मीटर. मीटरच्या बिलावर पत्ता. पत्त्यावर घरपट्टी. तोवर जेसीबीने डोंगराचा एक टप्पा सपाट केलेला असतो. कागदांचा क्रम याच्या बरोबर उलटा हवा: आधी बिनशेती, मग मंजूर नकाशा, मग वीट.

कायदे कमी आहेत म्हणून हे होते असेही नाही. 1947 चा तुकडेबंदीचा कायदा आहे, ठरलेल्या क्षेत्राहून लहान तुकडा त्याने विकता येत नाही. कुळकायद्याचे कलम 63 आहे, जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन घेता येत नाही. म्हणून तर भाताचे रोप आणि गवत यांतला फरक ज्यांना विचारून सांगावा लागतो अशी किती तरी शेतकरी मंडळी शनिवारी सकाळी द्रुतगती मार्गावरून खाली उतरतात.

आणि मग येते तारीख. आपल्या राज्यातली सगळ्यात सरकणारी वस्तू कोणती, तर अनधिकृत बांधकामाची शेवटची तारीख. गुंठेवारीच्या 2001 च्या कायद्याची तारीख होती 1 जानेवारी 2001. वीस वर्षांनी दुरुस्ती करून ती 31 डिसेंबर 2020 झाली. नगररचना कायद्यात 2017 मध्ये 52-अ हे कलम घातले, त्याची तारीख 31 डिसेंबर 2015. मुंबईतल्या झोपड्यांची 1995, मग 2000, मग 2011. झोपडीवाल्याबद्दल आमची तक्रार नाही. त्याला शहराने कामाला बोलावले आणि जागा दिली नाही, त्याची तारीख पोटासाठी सरकली. डोंगरउतारावर पोहण्याचा तलाव खणणाऱ्याला याच रांगेत उभे राहू द्यायचे का, एवढाच प्रश्न. तिकडेही हेच. 2003 च्या अमेरिकापुरस्कृत शांतता आराखड्यात, ज्याला 'रोडमॅप' म्हणतात, मार्च 2001 नंतरच्या सगळ्या चौक्या ताबडतोब हटवायचे इस्रायलने कबूल केले होते. म्हणजे त्याआधीच्या चौक्यांकडे लक्षच नको. तारीख पडली की तिच्या आधीचे सगळे आपोआप धुतले जाते, आणि तारखेनंतरचा माणूस पुढच्या तारखेची वाट पाहत बांधत राहतो.

आणखी एक साम्य आहे, त्याने आम्हाला जास्त अस्वस्थ केले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये एलोन मोरे प्रकरणात, लष्करी गरज दाखवून खासगी जमीन वसाहतीसाठी घेता येणार नाही, असा निकाल दिला. त्यावर सरकारी वकिलांनी तोडगा काढला तो 1858 च्या ऑटोमन जमीन कायद्यातून. सलग तीन वर्षे पडीक राहिलेली जमीन सरकारकडे जाऊ शकते, असे त्यात होते. सुलतान गेला, साम्राज्य गेले, कलम उरले. आमच्याकडे 1894 चा इंग्रजी भूसंपादन कायदा 2013 अखेरपर्यंत असाच जिवंत होता. आणि औंढ्याच्या दक्षिणेला डोंगरापलीकडे, मुळशीच्या खोऱ्यात, त्याने काय केले हे या भागाला ठाऊक आहे. टाटांच्या कंपनीने धरणासाठी आधी चर खोदायला घेतले, संपादन मागाहून. 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे खोदकामावर जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते या लढ्यात. 'जान किंवा जमीन' ही तिथली घोषणा. धरण झाले, पाणी भिऱ्याला गेले, वीज मुंबईला गेली. तिथे सही मागायला कोणी मेलेल्या माणसाला उठवले नाही. जिवंत माणसाच्या सहीचीच गरज नव्हती.

परवा या पट्ट्यातल्या एका बंद फाटकाशी थांबलो होतो. मालक पावसाळ्यात दोनदा आणि थर्टीफर्स्टला एकदा येतात, असे वॉचमनने सांगितले. तो विदर्भातला, दोन एकर कोरडवाहू घरी सोडून आलेला. फाटकाच्या आत, कुंपणापासून चांगला पाच-सहा हात आत, मोजणीचा हद्दीचा दगड दिसला. त्याला पांढरा रंग दिला होता आणि वर जास्वंदीची कुंडी ठेवली होती. दगड कुणाच्या हद्दीचा, असे विचारले. "तो आधीपासूनच होता साहेब," तो म्हणाला, आणि पाइप घेऊन कुंडीला पाणी घालू लागला.