चौथ्या सीटचं गणित

लोकलच्या सेकंड क्लासचा बाक रेल्वेने तिघांसाठी बनवला आणि प्रवाशांनी त्यावर चौथी सीट काढली. हा चौथा अर्धाच टेकलेला असतो: एक पाय पॅसेजमध्ये, बॅग मांडीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का खांद्यावर. तरी "जरा सरका" म्हटलं की तिघं निमूट सरकतात. कायदा वगैरे काही नाही, पण नकार देणाऱ्याकडे सगळा डबा बघतो. फर्स्ट क्लासमध्ये मात्र तोच प्रश्न विचारला तर कपाळावर आठ्या पडतात. महाग पासात रुंद बसण्याचा हक्क बहुधा धरलेला असावा.

बायकांच्या डब्यात सीट आधी बोलण्यात मिळते, मग बसायला. डब्यात शिरल्या शिरल्या चौकशी सुरू होते. "कुठे उतरणार?" "घाटकोपर." "कुणाला दिलीये का?" दिली असेल तर पुढच्या बाकाकडे मोर्चा. एकदा 'दिली' म्हटलेली सीट मध्येच तिसरीने बळकावली, तर मुलुंडपासून दादरपर्यंत भांडण पुरतं. खिडकी मिळणं वेगळं आणि हवेची खिडकी, म्हणजे गाडी जाते त्या दिशेला तोंड असलेली, मिळणं वेगळं.

काही जण त्यासाठी उलटा प्रवास करतात. सकाळी डोंबिवलीचा माणूस आधी कल्याणला जातो आणि तीच गाडी परत फिरली की बसून मुंबईला येतो. याला 'डाऊन करून येणं' म्हणतात. पास कल्याणपासूनचा काढावा लागतो, वेळही जास्त जातो. पण तासभर उभं राहण्यापेक्षा हा सौदा परवडतो.

राजकारणातली सीट निराळी. विधानसभेच्या 288, बहुमताला 145. ती लागते, पडते, पाडलीही जाते. वर्तमानपत्रं तिला 'जागा' म्हणतात, चहाच्या टपरीवर मात्र सीटच.

स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षात तर प्रवासी हीच सीट. "एक सीट, एक सीट!" असा पुकारा चालतो. परवाना तिघांचा, पण संध्याकाळच्या गर्दीत चौथा ड्रायव्हरच्या शेजारी अंग चोरून बसतोच. लेकुरवाळी बाई आली की हिशेब अडतो.

"पोराला मांडीवर घ्या ताई, नाहीतर सीटचे पैसे पडतील."

"अहो, चार वर्षांचं आहे ते!"

"मग पाय आत घ्या त्याचे."