अकरा जण आणले, संघ कुठे आहे?

आमच्या तालमीचा फुटबॉल संघ गुणतक्त्यात शोधायचा तर यंदाही खालून मोजलेलं बरं. तालमीचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर संध्याकाळी कट्ट्यावर बसणं अवघड होईल. पस्तीस वर्षं मी शाहू स्टेडियमवर सामने बघतोय, त्यामुळे हरणं मला नवं नाही. हरून घरी आलो की आई तोंड बघूनच विचारायची, "फिर हारे क्या रे?" आणि ताट वाढायची. तो राग दोन दिवसांत उतरायचा. यंदाचा उतरत नाही. कारण मैदानावर हरणाऱ्या अकरांपैकी निम्म्यांची नावं मला पाठ नाहीत, आणि पुढच्या हंगामात आपण या जर्सीत नसणार हे त्यांनाही ठाऊक आहे.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. इथला फुटबॉल तालमींचा आणि पेठांचा आहे. पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, बालगोपाल, संध्यामठ, फुलेवाडी ही नावं इथल्या पोराला शाळेतल्या पाढ्यांआधी पाठ होतात. ज्या तालमीत पूर्वी लाल मातीत जोर-बैठका चालायच्या, तिथेच आज खुंटीला बूट टांगलेले असतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आमची केएसए, लीग भरवते. वरच्या गटात सोळा संघ. मग सतेज चषक, अटल चषक, महापौर चषक अशा स्पर्धांची रांग लागते. पाटाकडील विरुद्ध दिलबहार असला की स्टेडियम तर भरतंच, आजूबाजूच्या गच्च्याही भरतात. देशात फार थोड्या शहरांत स्थानिक सामन्याला अशी गर्दी होते.

ही गर्दी संघ चालवणाऱ्यांच्या डोक्यात गेली आहे. हंगामाआधी नोंदणीचे दिवस आले की पळवापळवी सुरू होते. काल ज्याने आमच्यावर गोल मारला तो आज आमच्या कट्ट्यावर चहा पितोय, आणि आमचा डिफेन्सचा पोरगा समोरच्या पेठेत हार घालून घेतोय. पेठेतला एखादा पुढारी, एखादा बिल्डर, एखादा होऊ घातलेला नगरसेवक पैसे काढतो. त्याला पुढच्या चार महिन्यांत चषक हवा असतो, कारण फ्लेक्स लावायचा असतो. चार वर्षांनी तयार होणाऱ्या पोराचा फ्लेक्स कोण लावणार?

आम्ही यंदा काय केलं ते सांगतो. दोन खेळाडू शेजारच्या पेठेतून घेतले. एक फॉरवर्ड राज्याबाहेरून आला. एक नायजेरियन मुलगा मध्यस्थामार्फत आणला, त्याला भाड्याची खोली घेऊन दिली. सगळ्यांचा मिळून सराव किती झाला? मोजून पाच दिवस. पहिल्या दोन सामन्यांत चेंडू मिळेना म्हणून फॉरवर्ड चिडला, तिसऱ्यात प्रशिक्षक बदलला, चौथ्यात गोलकीपर. मिडफिल्डमध्ये कोण कुणाला पास देणार हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते पाच दिवसांत माहीत होतही नाही. आमचा डावा डिफेंडर, जो आठव्या वर्षापासून आमच्या वस्तादांच्या हाताखाली होता, तो मात्र सोडून गेला. कबूल केलेलं मानधन दोन वर्षं मिळालं नव्हतं. त्याला मी फितूर म्हणणार नाही. त्याच्या घरी हप्ता आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे, कारण गॅलरीत ती उलटी बोलली जाते. हरलो की शिव्या पडतात त्या बाहेरून आलेल्याला. त्या नायजेरियन मुलाला त्याच्या रंगावरून जे ओरडून सांगितलं गेलं, ते माझ्या दहा वर्षांच्या पुतण्याने मला घरी येऊन विचारलं की याचा अर्थ काय. ज्या लोकांना आपल्याच शहरात कधी 'बाहेरचे' ठरवलं गेलं आहे, त्यांच्या गल्लीतूनही हे ओरडणं आलं, याचं मला जास्त वाईट वाटलं. तो मुलगा स्वतःहून आमच्या पेठेत घुसला नव्हता. आपण त्याला बोलावलं, पैसे कबूल केले, आणि संघ न बांधताच मैदानात सोडला.

बाहेरचा माणूस कोल्हापूरला नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं ते 1912 मध्ये, आणि तिथे पंजाबचे मल्लही लढले. लातूरकडचे हरिश्चंद्र बिराजदार गंगावेस तालमीत घडले. पण ते मल्ल तालमीत राहायचे, पहाटे उठून त्याच मातीत घाम गाळायचे, धाकट्या पोरांना अंगावर घेऊन डाव शिकवायचे. बाहेरून आलेल्यामुळे तालीम मोठी व्हायची. आमचा राज्याबाहेरचा फॉरवर्ड चांगला खेळाडू आहे, पण आमच्या चौदा वर्षांखालच्या पोरांनी त्याला जवळून पाहिलेलंही नाही. त्याला तसं कुणी सांगितलंच नाही.

पैसा ओतून संघ होतो का, याचं उत्तर शोधायला फुटबॉलपर्यंतही जायला नको. प्रो कबड्डीचा दहावा हंगाम आठवा. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला 2 कोटी 60 लाखांच्या वर बोली लावून घेतलं, लीगच्या इतिहासातली तेव्हाची सगळ्यात मोठी रक्कम. संघाने 22 सामन्यांत 2 जिंकले आणि तळाला राहिला. पवन वाईट खेळला असं कुणी म्हणणार नाही. त्याच्याभोवती संघच नव्हता. त्याच लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या शादलूवर 2 कोटी 35 लाख लावले, आणि 1 मार्च 2024 ला हैदराबादमध्ये अंतिम सामना जिंकून ते विजेते झाले. मग फरक कशाचा? पलटणचा कर्णधार होता आपल्या नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. तो, मोहित गोयत असे खेळाडू नवोदित म्हणून संघात आले आणि तिथेच वाढले होते. शादलू त्या पायावर येऊन उभा राहिला. त्याच्या आदल्या हंगामाची गंमत आणखी वेगळी. तमिळ थलायवाजने याच पवनला 2 कोटी 26 लाखांना घेतलं, पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला, आणि उरलेल्या तरुण पोरांनी संघ पहिल्यांदाच उपांत्य फेरीत नेला.

आमच्याकडे मात्र पोरगा गुडघ्यात गेला तर काय होतं? माझ्या ओळखीच्या एका खेळाडूचा लिगामेंट तुटला. ज्या संघासाठी तो खेळत होता त्या संघाने पहिल्या आठवड्यात फळं पाठवली, फोटो काढला. ऑपरेशनचा खर्च घरच्यांनी सोनं मोडून केला. दाद मागायची तर कागद कुठे होता? मानधन पाकिटातून, करार तोंडी, विम्याचं नावही नाही. पुढच्या हंगामात त्याच्या जागी दुसरा आला. आता तो मुलगा एमआयडीसीत शिफ्टला जातो आणि जिना चढताना कठडा धरतो. वय सत्तावीस.

फिफाच्या नियमांत एक तरतूद आहे, ती आमच्या पदाधिकाऱ्यांनी वाचावी असं मला फार वाटतं. एखादा खेळाडू कराराच्या मुदतीत पैसे मोजून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला, तर त्या रकमेतला पाच टक्क्यांपर्यंतचा वाटा, तो 12 ते 23 या वयात ज्या ज्या क्लबमध्ये घडला त्यांच्यात वाटला जातो. म्हणजे जगातल्या सगळ्यात पैसेवाल्या बाजारातही, पोराला पहिल्यांदा चेंडू अडवायला शिकवणाऱ्याचा हक्क लेखी मान्य आहे. आमचा डावा डिफेंडर गेला तेव्हा आमच्या वस्तादांना कुणी नारळही दिला नाही. ते दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे मैदानावर कोन मांडत होते.

'आताच्या काळात गल्लीच्या पोरांवर संघ चालत नाही,' हे वाक्य मी दर सभेत ऐकतो. स्पेनमध्ये बिल्बाओ शहराचा अॅथलेटिक क्लब आहे. बास्क प्रदेशात जन्मलेला किंवा तिथल्या क्लबांत घडलेला खेळाडूच घ्यायचा, हा त्यांचा कायदा. रेआल माद्रिद आणि बार्सिलोना सोडले तर स्पेनच्या पहिल्या श्रेणीतून कधीच खाली न गेलेला तो एकमेव संघ आहे. 2024 मध्ये त्यांनी चाळीस वर्षांनी राजाचा चषक जिंकला. त्या संघात इन्याकी आणि निको विल्यम्स हे दोघे भाऊ होते, आईवडील घानाहून आलेले. तिथे वाढला, तिथे शिकला, तो तिथला, विषय संपला. आम्ही बिल्बाओ व्हावं असं मी म्हणत नाही, तेवढी आमची ऐपत नाही आणि बाहेरच्यांना दार लावायची माझी इच्छाही नाही. पण निदान अकरातले सहा तरी आमच्या हाताखालून गेलेले असावेत.

आणि पोरं नाहीत असं कुणी सांगू नये. 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा. तो घडला मात्र पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. आपल्याकडे चेंडूवर जीव लावणाऱ्या पोरांची खाण आहे, खणायला मात्र पुण्याहून माणूस यावा लागतो.

माझा जीव यात एवढा का गुंतलाय, तेही लिहितो. आमच्या तालमीत गणपती बसतो आणि मोहरमला पंजाही बसतो. कोल्हापुरात अशा तालमी बऱ्याच आहेत. पण वर्षातले उरलेले दिवस ज्या गोष्टीने आमच्या दोन्ही बाजूच्या पोरांना एका जागी ठेवलं, ती सरावाची वेळ. 7 जून 2023 ला शहरात जे घडलं, इंटरनेट बंद झालं, दुकानं फुटली, त्यानंतर आमच्या गल्लीत पहिल्यांदा एकमेकांच्या घरी गेले ते एकाच संघातून खेळलेले जुने खेळाडू. शांतता समितीची बैठक नंतर झाली. ज्याने तुमच्या पासवर गोल मारलाय त्याच्या दारात जायला माणसाला निमित्त लागत नाही. आता आमचा संघ बाजारातून भरला जातो, गल्लीची पोरं गॅलरीत बसतात, आणि त्यांच्या हातात फक्त झेंडा उरतो. खेळायला न मिळालेला पोरगा मग दगड उचलतो. हुल्लडबाजीमुळे सामना थांबला की सगळे पोलिसांना आणि पंचांना बोल लावतात. तो पोरगा सोळाव्या वर्षी सरावातून का गळाला, हे कुणी विचारत नाही.

तालमीच्या वार्षिक सभेसाठी मी विषय लेखी दिला आहे. संघासाठी जमणाऱ्या पैशाचा हिशेब फळ्यावर लावा, देणगीदाराच्या नावासकट. प्रत्येक खेळाडूशी, तो पेठेतला असो की परदेशातला, एका पानाचा का होईना करार करा आणि त्याचा अपघात विमा हंगामाआधी उतरवा. जमलेल्या रकमेतला तिसरा हिस्सा चौदा आणि सतरा वर्षांखालच्या पोरांवर खर्च करा. चषक देणाऱ्या नेतेमंडळींनाही तेच सांगायचं आहे: पहिल्या बक्षिसाची रक्कम दर वर्षी वाढवण्यापेक्षा तुमच्या नावाची एक स्पर्धा लहान मुलांची ठेवा. फ्लेक्स तिथेही लागेल.

विषयाला उत्तर आलं, 'वेळ उरला तर घेऊ.' आमच्या सभेत वेळ कसा उरतो हे मला माहीत आहे, म्हणून मी सव्वीस सह्या घेऊन जाणार आहे. दरम्यान रविवारी सकाळी सहाला वस्ताद मैदानावर असतात. एकतीस पोरं येतात. चेंडू चार आहेत, त्यातल्या एकात हवा राहत नाही. गोलकीपरचे हातमोजे एका मापाचे हवे आहेत, लहान मुलाचे. ज्यांच्या घरी पडून असतील त्यांनी आणून द्यावेत.