जनुके तीच, मांडणी निराळी

सह्याद्रीच्या रानात कुत्र्यासारखे भुंकणारे भेकर हे तसे परिचित हरीण. मात्र १९७० मध्ये त्याची गुणसूत्रे मोजली गेली, तेव्हा मादीच्या पेशीत ती अवघी सहा आणि नराच्या पेशीत सात भरली. सस्तन प्राण्यांत याहून कमी संख्या आजवर आढळलेली नाही. त्याच्या चिनी भाऊबंदाकडे मात्र ४६ गुणसूत्रे आहेत. दोघांची जनुके जवळपास सारखी. मग उरलेली ४० गुणसूत्रे गेली कुठे?

ती कुठेच गेली नाहीत. दोन्ही जातींच्या वाटा वेगळ्या झाल्यावर सुमारे ५० लाख वर्षांत भारतीय भेकराची गुणसूत्रे टोकाला टोक लागून एकमेकांना जोडली गेली. ग्रंथ तोच, पण तेवीस खंडांऐवजी तीन खंडांत बांधलेला. उत्क्रांती म्हटले की जनुकांतील अक्षरबदलाचीच चर्चा होते. मांडणीतील ही उलथापालथ सहसा दुर्लक्षित राहते. वास्तविक गुणसूत्राचा एखादा तुकडा उलटा बसू शकतो, हे स्टर्टेव्हँट यांनी फळमाशीत १९२१ मध्येच दाखवले होते.

माणूसही याला अपवाद नाही. चिंपांझीकडे गुणसूत्रांच्या २४ जोड्या, आपल्याकडे २३. मानवी वंशात दोन गुणसूत्रे जुळून आपले दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र बनले. त्या सांध्याची खूण येल विद्यापीठातील संशोधकांनी १९९१ मध्ये शोधून काढली.

मांडणी बदलली म्हणून प्राणी आजारी पडतोच असे नाही. अडचण येते ती पुढच्या पिढीच्या वेळी. बीजपेशी तयार होताना आईकडचे आणि वडिलांकडचे गुणसूत्र जोडीने शेजारी यावे लागते. एक जोडलेले आणि दुसरे सुटे असेल तर वाटणी चुकते. भारतीय व चिनी भेकरांच्या संकरातून पिल्ले जन्मतात, पण त्यांतील नर वांझ निघतात. चिनी शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये उंदरांची दोन गुणसूत्रे प्रयोगशाळेत जोडली. त्यांतील एका प्रकारच्या उंदरांचे प्रजनन झाले, पण पिल्ले कमी झाली.

हा विषय केवळ जीवशास्त्राच्या वर्गातला नाही तो इथेच. साधारण हजारातील एका व्यक्तीची दोन गुणसूत्रे अशीच जोडलेली असतात. एकूण गुणसूत्रे ४५, प्रकृती ठणठणीत, आणि बहुतेकांना याचा पत्ताही नसतो. अशा काही दांपत्यांना वारंवार गर्भपाताला सामोरे जावे लागते. दोष मात्र सुनेच्या माथी मारला जातो. वस्तुतः ही जोडणी नवऱ्याकडेही असू शकते, म्हणूनच गुणसूत्रांची तपासणी दोघांची करावी लागते. ती साध्या रक्तनमुन्यावर होते. पण 'मुलाला कशाला तपासायचे?' हा प्रश्न सुशिक्षित घरांतही ऐकू येतो. जोडणी आढळली म्हणजे सारे संपले असेही नव्हे, अशा अनेकांना निरोगी मुले होतात.

चीनमध्ये तर ४४ गुणसूत्रे असलेल्या एका निरोगी पुरुषाची नोंद झाली आहे. त्याचे आईवडील नात्यातले होते आणि एकाच प्रकारची जोडणी त्याला दोघांकडून मिळाली. त्यामुळे त्याची गुणसूत्रे पुन्हा जोडीने बसतात. सहा गुणसूत्रांच्या भेकराकडे जाणारी वाटही अशाच जुळणाऱ्या जोड्यांतून गेली असावी.